जंगल उजव्या हाताला

१

नकाशा विभागात सगळे तिला छोटी म्हणत. बाईचं वय चाळिशीकडे झुकलेलं, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढत चाललेला, पण तिचा थोरला भाऊ त्याच खात्यात होता आणि तो तिला छोटी म्हणायचा. मग काय, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचीच ती छोटी! दादा रानातून चालत जाऊन जंगलाची हद्द मोजायचा, आणि ही तिसऱ्या मजल्यावर खिडकीकडे पाठ करून बसायची आणि त्या हद्दीची रेषा ओढायची. दोघं एका घरात राहायची आणि एकाच रेषेवर जेवायची.

आणि आज ती रेषा पुरी होणार होती!

शहराच्या अंगाला लागून असलेलं ते जंगल राखीव व्हावं म्हणून तीन वर्षं ही खटपट चालली होती. तुकड्यातुकड्यानं दादानं सगळ्या जंगलाला फेरी घातली होती. शेवटचा एक तुकडा उरला होता. तो आज चालून झाला आणि रेषेचं शेपूट तिच्या तोंडाला, म्हणजे हद्दीच्या पहिल्या दगडाला, भिडलं की झालं. उद्या विकास आराखड्याची बैठक होती. उघड्या रेषेला क्षेत्रफळ नसतं. रेषा बंद असेल तर आराखड्यात जंगल हिरवं, नाहीतर ती जागा कोरी. आणि कोऱ्या जागेवर दगडखाणवाले कधीचे डोळे लावून बसले होते.

सकाळी घरात नुसती धांदल होती. वहिनी डबा भरत होती. वहिनीचा आवाज म्हणजे तीन घरं पलीकडे कुणाला गजराची गरज नाही असा.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" ती गरजली. "लोक वळसा घातला की हसतात, आणि यांना त्याचा पगार मिळतो!"

"हळू बोल, बुजतील," दादा म्हणाला. हे त्याचं रानातलं वाक्य. पाणवठ्यावर कळप दिसला की तो फोनवर अस्सा कुजबुजायचा, एकेक जनावर मोजायचा, आणि त्याच्या आवाजातला आनंद छोटीला इकडे ऑफिसात कळायचा.

त्यानं उजव्या मनगटाला पिवळी फीत बांधली. हद्द चालणाऱ्यांचा हा पहिला धडा: जंगल कायम उजव्या हाताला ठेवायचं. दुसरा धडा काठीचा. कुठं बसलात तर काठी जमिनीवर अशी ठेवायची की तिचं टोक पुढच्या वाटेकडे राहील, नाहीतर माणूस जेवून उठतो आणि भलत्या दिशेला चालू लागतो. दादाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तो घरात जेवणाचं टेबलसुद्धा उजव्या हाताला ठेवूनच वळसा घालायचा. वहिनी म्हणायची, मी मधे बसलेय, मला राखीव करून टाका एकदाची.

"आज तरी वेळेवर घरी या," ती दारातून ओरडली. "तीन वर्षं तुमचं जेवण गार होतंय. आज गरम खाऊ घालणार आहे."

"येतो गं! रेषा जुळली की पहिला फोन छोटीला, आणि लगेच घरी."

तो पायऱ्या उतरला तो जवळजवळ उड्या मारतच.

२

दादाच्या कमरेच्या जीपीएसकडून ठिपके येत, ठिपक्यांची रेषा होई, आणि रेषेच्या उजव्या बाजूला आपोआप फिकट हिरवा रंग चढत जाई. आज सगळा विभाग छोटीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहत होता. साहेबांनी तर सकाळपासून पाच वेळा टकलावरून हात फिरवला होता. त्यांना आनंद झाला की ते असंच करत.

"किती राहिलं?"

"थोडंच, साहेब. जेवायला बसलाय बहुतेक. ठिपके थांबलेत."

"घास मोठे घे म्हणावं!"

सगळे हसले. छोटीही हसली. रेषा जुळली की यंत्रातून आणि तिच्या फोनमधूनही एक बारीकशी घंटी वाजायची, टिंग. ती एका घंटीसाठी तीन वर्षं थांबली होती.

ठिपके पुन्हा सुरू झाले, आणि रंग भलत्याच बाजूला चढू लागला. जंगलाकडे चढायचा तो शहराकडे. वसाहतीचा कोपरा, पाण्याची टाकी, दोन गल्ल्या हिरव्या झाल्या.

"अरेच्चा!" छोटी म्हणाली.

ती घाबरली वगैरे अजिबात नाही. असं पूर्वीही झालं होतं. यंत्राला वाटतं माणूस उलटा चाललाय. त्यासाठी पडद्यावर 'बाजू बदला' असं एक बटण असतं. ते दाबलं की रंग दुसऱ्या हाताला जातो. नियम एवढाच, की चालणाऱ्याला विचारल्याशिवाय ते दाबायचं नाही. तिनं फोन लावला. लागेना.

"रेंज नाही तिकडे," साहेब म्हणाले. "दाब गं. उद्या बैठक आहे."

तिनं दाबलं. हिरवा रंग शहरावरून उठला आणि शहाण्यासारखा जंगलावर जाऊन बसला. साहेबांनी पुन्हा टकलावरून हात फिरवला.

३

नंतर ती चहा घ्यायला उठली, आणि परत आली तर शहर पुन्हा हिरवं झालं होतं. या वेळी दोन गल्ल्या नव्हे. बाजार, शाळा, मोठा चौक, सगळं. कडेकडेनं रंग आत सरकत होता.

तेवढ्यात फोन वाजला. दादा! आवाज आनंदानं नुसता फुटत होता.

"छोटे, ऐक तर, गंमत झाली! जेवायला बसलो आणि काठी घसरली उतारावरून. उठलो तो उलटाच चालत सुटलो. जंगल डाव्या हाताला! बऱ्याच वेळानं ध्यानात आलं. मग स्वतःलाच शिव्या घातल्या आणि वळलो. आता बरोबर चाललोय."

छोटीनं कपाळावर हात मारला. म्हणजे तो खरंच उलटा चालला होता. ती चूक हिनं इथून दुरुस्त केली आणि त्यानं तिथून. एक चूक दोघांनी निस्तरली आणि दुप्पट झाली!

"हात्तिच्या! दादा, मी इकडे बाजू बदलून बसले ना. थांब, परत बदलते."

तिनं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. हिरवा रंग जागचा हलेना. मशीन बंद करून चालू केलं. चालू होताना तो आणखी एक गल्ली पुढे आला होता. जुनं मशीन आहे, तिनं स्वतःला समजावलं. उन्हानं तापलंय.

"दादा, जंगल नक्की उजव्या हाताला आहे ना?"

"हे काय विचारणं झालं? उजव्याच हाताला! आणि काय जंगल आहे गं इथलं! तीन वर्षं फिरलो, असं बघितलं नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या."

फोन कटला. आणि मग छोटीला जाणवलं, की आपण आपल्या श्वासाचा आवाज ऐकतोय.

खाली रस्ता होता. भर दुपारचा, वाहता रस्ता. गाड्या जात होत्या, पण हळू, एकामागे एक, आणि कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. वसाहतीच्या फाटकाशी दोन बायका उभ्या होत्या, त्या बोलायच्या थांबून मान वर करून कसला तरी कानोसा घेत होत्या. ऑफिसातही टाइपचा आवाज बंद. शिपाई फाइली घेऊन आला तो टाचा न टेकता.

"काय शांत वाटतंय ना?" साहेब पुटपुटले. ते नेहमी ओरडून बोलत. "छान वाटतंय. अगदी सुरक्षित."

रस्त्याचं काम काढलं असेल पुढे, छोटीला वाटलं. म्हणून गाड्या हळू असतील. आणि माणसं काय, दुपारची पेंगतात. कारणं भरपूर होती. तिनं एकेक करून सगळी काढली, तरी एकही पटेना.

४

तिनंच फोन लावला. या वेळी पहिल्या घंटेला उचलला.

"हळू बोल," दादा कुजबुजला. "बुजतील."

कितीही झालं तरी तो आवाज ऐकून तिला हसू आलं. काहीतरी दिसलं होतं त्याला.

"काय आहे?"

"कळप. पाणवठ्यावर आलाय. देवा रे, किती जवळ! थांब, मोजू दे. दोन, चार... सात. सात आहेत. एक म्हातारा नर आहे, कळपाचा म्होरक्या असणार. डोक्यावरचे केस पार झडलेत बिचाऱ्याचे. सारखा पंजा फिरवतोय डोक्यावरून."

छोटीनं मान वर केली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचं मशीन होतं. त्याच्याभोवती सगळे जमले होते. कुणी बोलत नव्हतं. एक जण वाकून पाणी पीत होता आणि बाकीचे आजूबाजूला बघत उभे होते. साहेब मधोमध होते. त्यांचा हात टकलावर होता. तिनं मोजले. नको नको म्हणत मोजले. सात.

"दादा," ती म्हणाली. "तुझ्या डाव्या हाताला काय आहे?"

"डावीकडे? डावीकडे काय असणार? बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे काय? झाडं आहेत का? दादा, झाडं दिसतायत का तुला?"

पण तो ऐकत नव्हता. तो आनंदानं वेडा झाला होता.

"अगं, आणखी एक आहे! मादी आहे. कळपापासून वेगळी बसलीये, अगदी माझ्याजवळ, पाठमोरी. तिला माझा वासच नाही लागला अजून. कानाशी पंजा धरून बसलीये. काय करत असेल गं?"

छोटीचा हात फोनसकट कानाशीच गोठला. तिच्या पाठीमागे खिडकी होती. खिडकीबाहेर तीन मजले खोल नुसती हवा होती. वेडेपणा आहे हा, ती स्वतःला म्हणाली. दादा चेष्टा करतोय. साहेबांच्या टकलाची चेष्टा तर तो रोज घरी करतो. संध्याकाळी चांगली कानउघाडणी करते त्याची.

"वळतीये," फोन कुजबुजला. "वळतीये, वळतीये..."

ती वळली.

काच होती. काचेत ऊन होतं. आणि खालच्या चौकटीवर एक हात होता, उजवा, मनगटाला पिवळी फीत बांधलेला. तो हात सावकाश, बोट बोट करत मागे गेला, जनावर बिथरू नये म्हणून माणूस घेतो तसा.

५

ती किंचाळली. फोनमध्ये दादाचा श्वास ऐकू आला, आणि मग हसू.

"ऐकलंस का, छोटे? ओरडली! बुजली बिचारी. कसला आवाज आहे बघ."

"दादा, मी आहे! मी छोटी! परत फीर, दगडाला हात लावू नकोस!"

"अजून ओरडतीये. नको गं बाई घाबरू, कुणी काही करत नाही तुला. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं." आणि मग तोच प्रेमळ आवाज, बहिणीशी बोलायचा: "छोटे, ऐकतेस ना? पहिला दगड दिसतोय मला. हाकेच्या अंतरावर आहे. आत्ता जुळेल बघ!"

पडद्यावर ठिपका दगडाकडे चालला होता, आणि हिरवा रंग या इमारतीच्या दारापर्यंत आला होता. बंद झालेली रेषा कुणाला मोडता येत नाही. वरून आदेश आणावा लागतो, त्याला वर्ष वर्ष लागतं. उघडी आहे तोवरच काय ते.

छोटीनं कात्री उचलली. पडद्यावरच्या अवजारांच्या पेटीतली, रेषा कापायची खूण. आजची रेषा कापली की उद्या नकाशा उघडा, जंगल कोरं, खाणवाल्यांना रान मोकळं. तीन वर्षं पाण्यात. तिला हे सगळं दिसत होतं. पण आपला दादा कुठल्या तरी बाहेर उभा आहे आणि तिथून आपल्याला जनावर म्हणतोय, हेही ती ऐकत होती. जंगल काय, माणूस जिवंत असला तर पुन्हा चालून मोजता येईल. दादा परत कुठून आणायचा?

"छोटी, काय करतेस?" साहेब पाण्यापासून हळूच म्हणाले.

तिनं कापली. आजची रेषा कापली, कालची कापली, हाताला येईल ती कापत सुटली.

आणि पोंऽऽ करून खाली हॉर्न वाजला! मग दुसरा, मग दहा. कुणीतरी कुणाला आईवरून शिवी दिली. साहेबांनी पडदा पाहिला आणि असे ओरडले की शिपायाच्या हातातून फाइली पडल्या. "पाणी फिरवलंस सगळ्यावर! तीन वर्षं! वेड लागलंय का तुला?" छोटी रडत होती आणि हसत होती. ओरडा साहेब, ओरडा! इतका गोड आरडाओरडा तिनं जन्मात ऐकला नव्हता.

फोन वाजला.

"छोटे? अगं मधेच रेंज गेली." दादाचा आवाज, दमलेला, रोजचा. "काय म्हणत होतीस?"

तिच्या जिवात जीव आला. "काही नाही रे. सोड ते सगळं. तू घरी ये आधी."

"येतोच. थोडंसंच राहिलंय."

६

ती घरापर्यंत जवळजवळ पळत आली. उद्याचं उद्या बघू. नोकरी गेली तर जाईल. दादाला समोर बसवून सगळं सांगायचं होतं, त्याच्या शिव्या खायच्या होत्या. ऊन उतरलं होतं, अंगणात अजून उजेड होता. वहिनी भांड्यांशी आणि शेजारणीशी एकाच वेळी भांडत होती.

"आले नाहीत अजून? घे, झालं पुन्हा गार!"

"येतोय, वहिनी. निघालाय तो."

फाटक वाजलं. वहिनीचा चेहरा फुलला. "आले, आले!" ती ताटं मांडायला वळली. छोटीनं दार उघडं टाकलं आणि वाट पाहिली.

दादाची पावलं पायरीपर्यंत आली. काठी टेकवल्याचा आवाज झाला. आणि मग पावलं आत यायची सोडून भिंतीच्या कडेनं निघाली.

"अहो, इकडे कुठे? दार उघडं आहे!" वहिनी ओरडली.

पावलं न्हाणीघराच्या मागून गेली. छोटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावली. बाहेरून दादा चालला होता. उजवा हात भिंतीला होता, पिवळी फीत घासत चालली होती. कमरेच्या जीपीएसचा लाल दिवा लुकलुकत होता. आणि चेहऱ्यावर इतका आनंद होता की तिला भडभडून आलं.

"दादा, आत ये ना रे."

तो थबकला, एक पाऊल उचललेलंच. वाट पाहिली. मग पाऊल हलकेच टेकवलं आणि पुढे निघाला.

आणि मग तिला कळलं. ती घरातून उलटी धावली, खुर्चीला अडखळली, दाराशी आली. पायरीवर काठी आडवी ठेवलेली होती, टोक भिंतीच्या कडेकडे. तिथून तो निघाला होता आणि तिथंच येणार होता. काठी उचलायची, फेकून द्यायची! तिनं हात पुढे केला, तोवर कोपऱ्यावरून दादा आला आणि काठीपाशी उकिडवा बसला.

तिच्या पिशवीतल्या फोनमधून बारीकशी घंटी वाजली. टिंग.

रस्त्यावरचे आवाज थांबले. शेजारीण बोलता बोलता गप्प झाली. आत वहिनी काहीतरी म्हणाली, पण इतकं हळू, की लग्न होऊन आल्यापासून तिला असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

दादानं खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. छोटीच्या पिशवीत घंटा वाजू लागली. तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता, थेट तिच्याकडे बघत होता, डोळे पाण्यानं भरलेले, आणि बहीण फोन कधी उचलते याची वाट बघत होता. तिनं उचलला.

"छोटे, झालं गं! जुळली रेषा!" तिला तो दोन्हीकडून ऐकू आला, फोनमधून आणि समोरून. "दोनच आहेत आत, दोन्ही माद्या, पण तब्येतीनं झकास. एक तर माझ्यापुढेच उभी आहे."

"दादा," ती म्हणाली. "दादा रे."

त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस? ऐकलंस कशी बोलते ती?" तो अगदी हळू उठला आणि पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे घेत फाटकापर्यंत गेला. "आता यांना कुणी हात लावणार नाही. चल, ठेवतो. वहिनीला सांग, मी निघालोच घरी. जेवण गरम ठेव म्हणावं."

त्यानं फाटक बाहेरून लावून घेतलं, कडीचा आवाज होऊ न देता, आणि रस्त्यानं झपाझप चालू लागला.